डाव्या हाताची साधना

मराठी भाषेत उजव्या हाताला मोठा मान आहे. एखाद्या थोर पुरुषाच्या विश्वासू सहकाऱ्याला आपण त्याचा ‘उजवा हात’ म्हणतो. दान उजव्या हाताने द्यावे, प्रसाद उजव्या हाताने घ्यावा, लेखणी उजव्या हाती धरावी, असा परंपरेचा दंडक आहे. डावा हात बिचारा मागे राहिलेला. एखादे काम अगदी सोपे आहे असे सांगावयाचे असले, की ‘तो तर माझ्या डाव्या हाताचा मळ’ असे आपण सहज बोलून जातो. महाभारतात मात्र या उपेक्षित हाताचा गौरव झालेला आहे. दोन्ही हातांनी सारख्याच कौशल्याने बाण सोडणाऱ्या अर्जुनाला तेथे ‘सव्यसाची’ हे नाव मिळाले.

अर्जुनाचे दोन्ही हात शाबूत होते. विसाव्या शतकात हंगेरी देशात असा एक नेमबाज होऊन गेला, की ज्याचा उजवा हात निकामी झाला तेव्हाच त्याच्या डाव्या हाताची साधना सुरू झाली. त्याचे नाव कारोय टाकाच.

कारोयचा जन्म १९१० साली हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. तारुण्यात पदार्पण करताच तो सैन्यात दाखल झाला आणि पिस्तुलाच्या नेमबाजीत लवकरच नावारूपास आला. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक क्रीडास्पर्धा व्हावयाच्या होत्या. आपल्या देशाकडून तेथे उतरावे अशी त्याची मनीषा होती आणि तेवढी त्याची योग्यताही होती. परंतु त्या काळी हंगेरीच्या सैन्यातील केवळ सनदी अधिकाऱ्यांनाच राष्ट्रीय नेमबाजी संघात स्थान मिळत असे. टाकाच हा साधा सार्जंट, म्हणजे आपल्याकडील हवालदाराच्या दर्जाचा. त्यामुळे नेम अचूक असूनही तो घरीच राहिला. बर्लिनच्या स्पर्धांनंतर हा नियम रद्द झाला. आता १९४० च्या ऑलिंपिककडे डोळे लावून तो नव्या उमेदीने सरावाला लागला.

इतक्यात १९३८ साल उजाडले. लष्करी शिक्षण चालू असताना एक सदोष हातबाँब त्याच्या उजव्या हातातच फुटला. प्राण वाचले, परंतु ज्या हाताने त्याने वर्षानुवर्षे नेम साधला होता, तो हात कायमचा अधू झाला. सुमारे महिनाभर तो रुग्णालयात पडून होता. अठ्ठावीस वर्षांच्या त्या सैनिकाचे सारे वैभव त्याच्या उजव्या हातात होते आणि तोच हात आता पट्ट्यांत गुंडाळलेला होता.

रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्याने हळहळत बसण्यात वेळ दवडला नाही. कोणाला न सांगता त्याने पिस्तूल डाव्या हातात घेतले आणि पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकावयास आरंभ केला. हा निश्चय किती कठीण होता हे समजावयाचे असेल, तर पिस्तुलाची विद्या नेमकी कशात आहे हे पाहिले पाहिजे.

रायफल दोन्ही हातांनी धरता येते. तिला खांद्याचा आधार असतो आणि गालाचाही. पिस्तुलाला यांपैकी काहीच नाही. ऑलिंपिकच्या नियमांप्रमाणे ते एकाच हाताने, तोही कोठे न टेकविता, पुढे सरळ पसरून धरावे लागते. दुसरा हात खिशात किंवा कमरपट्ट्यात अडकवून ठेवावयाचा. एक किलो साखरेची पिशवी लांब केलेल्या हातात धरून उभे राहून पाहावे. थोड्याच वेळात खांदा भरून येतो आणि पिशवी वरखाली हलू लागते. साधारण तेवढ्याच वजनाचे पिस्तूल धरून नेमबाजाला चिमुकल्या निशाणाचा मध्य गाठावयाचा असतो. आजच्या दहा मीटर हवाई पिस्तुलाच्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते.

हे साधते कसे? नवशिक्याला वाटते, की सारा खेळ हाताच्या बळाचा आणि डोळ्याच्या तीक्ष्णतेचा आहे. जाणता शिक्षक मात्र शिष्याला प्रथम पायांकडे पाहावयास सांगतो. पाय खांद्यांइतके फाकलेले, वजन दोन्ही पायांवर सारखे, गुडघे ताठ पण आवळलेले नाहीत आणि अंग निशाणाला बरेचसे आडवे, अशी उभे राहण्याची रीत आहे. मग शिक्षक एक गंमतीची परीक्षा घेतो. निशाणाकडे हात उगारून डोळे मिटावयाचे, हात सैल सोडून तो आपोआप जेथे स्थिरावेल तेथे स्थिरावू द्यावयाचा आणि मग डोळे उघडावयाचे. हात निशाणाच्या डावीकडे किंवा उजवीकडे गेलेला दिसला, तर तो ओढून मध्यावर आणावयाचा नाही. मागचे पाऊल किंचित सरकवून सारे शरीरच वळवावयाचे. ओढून आणलेला हात ऐन वेळी आपल्या मूळ जागी परतू पाहतो. शरीराची बैठकच निशाणाकडे असली, म्हणजे स्नायूंना झगडावे लागत नाही.

पायांनंतर मूठ. पिस्तुलावरील पकड कशी असावी? लहान भावंडाचा हात धरून रस्ता ओलांडताना आपण तो निसटू देत नाही आणि चिरडीतही नाही; तशी ती असावी. महत्त्वाचे म्हणजे ती प्रत्येक वेळी हुबेहूब तशीच असावी. मूठ एका वेळी घट्ट व दुसऱ्या वेळी सैल असेल, तर दोन गोळ्या दोन दिशांना जातील. तर्जनीने मात्र या पकडीत भाग घ्यावयाचा नसतो. बाकीची बोटे पिस्तूल धरून ठेवतात आणि तर्जनी एकटी, मोकळी राहून चाप ओढते. एकाच हाताच्या बोटांनी अशी दोन निराळी कामे करावी लागतात, म्हणूनच ही विद्या हळूहळू अंगी मुरते. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ तळव्याच्या आकाराप्रमाणे घडविलेली असते. उजव्या हाताची मूठ डाव्या हाताला चालत नाही.

आता डोळ्याचे काम. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाशी एक लहानसा उंचवटा असतो. त्याला ‘माशी’ म्हणतात. मागच्या टोकाशी एक चौकोनी खाच असते. खाचेतून पाहताना माशी बरोबर मध्ये दिसावी, तिच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी पट्टी असावी आणि तिचा माथा खाचेच्या काठांशी समपातळीत असावा. असे झाले म्हणजे पिस्तूल सरळ रोखले गेले. म्हणजे नेमबाजाला खाच, माशी आणि निशाण या तीन अंतरांवरच्या तीन वस्तू पाहावयाच्या असतात. मनुष्याच्या डोळ्याला मात्र एका वेळी एकाच अंतरावरचे स्पष्ट दिसते. हाताचे बोट डोळ्यांपुढे धरून त्यामागच्या झाडाकडे पाहावे. झाड स्पष्ट दिसू लागले की बोट अंधुक होते आणि बोट स्पष्ट दिसू लागले की झाड धूसर होते. मग तिहींपैकी कोणती वस्तू स्पष्ट पाहावी?

द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा सर्वांना ठाऊक आहे. झाड, फांदी, पाने, यांपैकी काहीच न दिसता ज्याला केवळ पक्षी दिसला, तो अर्जुन उत्तीर्ण झाला. तेव्हा निशाणच स्पष्ट पाहावे असे कोणीही सांगेल. पिस्तुलाची विद्या मात्र याच्या अगदी उलट सांगते. नजर माशीवर खिळलेली असावी. निशाण धूसर दिसले तरी चालेल, नव्हे, ते धूसरच दिसले पाहिजे.

याचे कारण साध्या भूमितीत आहे. खाच आणि माशी यांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर असते. माशी खाचेच्या मध्यापासून केवळ एक मिलिमीटर सरकली, तर गोळीची दिशाच बदलते आणि दहा मीटर अंतरावर ही चूक तेहतीस पट वाढून तीन सेंटिमीटरांहून अधिक होते. पंचवीस मीटरांवर तर ती आठ सेंटिमीटरांच्या पुढे जाते. याउलट माशी आणि खाच यांची जुळणी तंतोतंत असून सारा हातच एक मिलिमीटर बाजूला सरकला, तर निशाणावरही गोळी एकच मिलिमीटर सरकते. दूरच्या निशाणाकडे आशाळभूतपणे पाहणाऱ्याच्या हातातील माशी केव्हा ढळली हे त्याला कळतही नाही. जो आपल्या हातातील साधनाकडे लक्ष देतो, त्याची गोळी निशाणाचा मध्य गाठते. फळावरची दृष्टी काढून कर्मावर ठेवावी, हा उपदेश आपल्याला नवा नाही. पिस्तुलाच्या मैदानावर त्याचा पडताळा मिलिमीटरांनी मोजता येतो.

तरीही हात थरथरतोच. जगातील श्रेष्ठ नेमबाजाचा हातदेखील पाषाणासारखा निश्चल राहत नाही. श्वासाने, हृदयाच्या ठोक्याने, स्नायूंच्या कंपाने माशी निशाणापुढे मंद झुलत असते. नवशिका या झुलण्याला भितो. माशी मध्यावरून जात असतानाच गोळी सोडावी म्हणून तो टपून बसतो आणि तो क्षण आला की चापाला हिसका देतो. त्या हिसक्याने पिस्तूल वळते. उजव्या हाताने मारणाऱ्याची अशी गोळी बहुधा खाली आणि डावीकडे जाते. डाव्या हाताने मारणाऱ्याची खाली आणि उजवीकडे. हाताच्या स्वाभाविक कंपाने जितका बिघाड होतो, त्याच्या कितीतरी पट अधिक या उतावीळपणाने होतो. म्हणून अनुभवी नेमबाज कंपाशी भांडत नाही. तो माशी व खाच यांची जुळणी सांभाळतो आणि चापावरचा दाब सरळ मागे, संथपणे वाढवीत नेतो. हवाई पिस्तुलाच्या स्पर्धेत चापाला किमान ५०० ग्रॅम वजन पेलता आले पाहिजे, असा नियम आहे. तेवढा दाब पूर्ण होताच गोळी सुटते. नेमका कोणता क्षण, याचा नेमबाजालाही किंचित अचंबा वाटावा, इतका हा दाब एकसारखा असावा.

श्वासाचीही यात मोठी साथ लागते. श्वास सोडल्यानंतर पुढचा श्वास घेण्यापूर्वी शरीर आपोआप क्षणभर विसावते. नेमबाज हा विसावा थोडा लांबवितो आणि त्या काही सेकंदांत गोळी सोडतो. तेवढ्या अवधीत गोळी सुटली नाही, तर हात खाली घेऊन, श्वास घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे हेच शहाणपणाचे असते. आरंभीच्या काळात सर्वांत अवघड जाते ते हे हात खाली घेणे. इतका वेळ नेम धरला, आता गोळी सोडूनच टाकू, असे मन म्हणते. आणि अशाच घाईत सोडलेली गोळी दिवसभराचे श्रम मातीमोल करते.

याखेरीज आणखी एक शत्रू आहे. तो म्हणजे आवाजाची धास्ती. गोळी सुटणार हे मनाला आधीच कळते आणि हात नकळत आखडतो, पापणी मिटते. हा दोष शिष्याला स्वतःला दिसत नाही. म्हणून शिक्षक कधी कधी त्याला न कळविता पिस्तुलात रिकामे काडतूस घालून ठेवतो. शिष्य चाप ओढतो, आवाज होत नाही. पण पिस्तुलाचे तोंड मात्र झटकन खाली गेलेले साऱ्यांना दिसते. शिष्य ओशाळतो आणि शिकतो. या दोषावर उपाय म्हणजे कोरडा सराव. पिस्तूल रिकामे असल्याची पुनःपुन्हा खात्री करून घ्यावयाची आणि गोळीवाचूनच नेम धरावयाचा, चाप ओढावयाचा व ‘कट्’ असा आवाज झाल्यावरही क्षणभर माशीवरील नजर हलवावयाची नाही. शेकडो वेळा, हजारो वेळा हेच करावयाचे. या सरावात टाळ्या नाहीत, गुण नाहीत, निशाणावर एक छिद्रदेखील नाही. तरीही नामांकित नेमबाजांच्या सरावाचा मोठा भाग असा निःशब्दच असतो.

प्रगती मोजण्याची रीतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एकाने दहा गोळ्या मारल्या. त्यांपैकी एक मध्यावर बसली आणि बाकीच्या चहूकडे विखुरल्या. दुसऱ्याची एकही गोळी मध्यावर नाही. पण दहाही गोळ्या एका कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेत एकवटल्या आहेत. यांत सरस कोण? पाहणारे पहिल्याची पाठ थोपटतात, शिक्षक दुसऱ्याची. एकवटलेला पुंजका सांगतो, की या मुलाचे उभे राहणे, मूठ, श्वास, चाप सारे दर वेळी एकसारखे आहे. खाचेचा स्क्रू थोडा फिरविला की तो पुंजका मध्यावर येईल. विखुरलेल्या गोळ्यांना मात्र कोणताही स्क्रू एकत्र आणू शकत नाही.

या विद्येचा पाया देशोदेशी सारखाच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्याही यशाच्या मुळाशी हाच पाया होता. आणि जगातील प्रत्येक चांदमारीच्या मैदानावरचा पहिला नियमही एकच असतो: शस्त्र नेहमी भरलेलेच आहे असे समजावे, त्याचे तोंड कधीही मनुष्याकडे वळवू नये आणि शिक्षकाच्या आज्ञेवाचून त्याला हात लावू नये. ज्याला हा नियम पाळता येत नाही, त्याला नेमबाज म्हणत नाहीत.

आता टाकाचची कल्पना करावी. पाय, मूठ, बोट, श्वास हे सारे त्याला अवगत होते; परंतु ते उजव्या अंगाला अवगत होते. हात बदलणाऱ्याचे सारे जगच आरशातल्यासारखे उलटे होते. मागचा पाय पुढे येतो, पुढचा मागे जातो. मूठ नवी लागते. कोणत्या डोळ्याने नेम धरावा, हा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहतो. ज्या तर्जनीने कधी चाप ओढला नाही, तिला ग्रॅम-ग्रॅम दाब वाढविण्याची सवय लावावी लागते. पूर्वी चुकीची गोळी डावीकडे जाई, ती आता उजवीकडे जाते. यापेक्षाही कठीण गोष्ट म्हणजे स्वतःची स्वतःशी होणारी तुलना. नवशिक्याला आपण वाईट मारतो याचे फारसे दुःख नसते, कारण त्याने चांगले मारलेले नसते. टाकाचला आपला उजवा हात काय करीत असे, ते ठाऊक होते. निशाणावरच्या विखुरलेल्या गोळ्या पाहून त्याला रोज त्याची आठवण होत असणार. अशा वेळी मनुष्य एक तर निराश होतो, नाही तर नम्र होतो. टाकाचने नम्र होऊन शिष्याचे आसन पत्करले.

एक गोष्ट मात्र त्या स्फोटात हरवली नव्हती. चापाला हिसका देऊ नये, नजर माशीवर ठेवावी, घाई वाटली तर हात खाली घ्यावा, हे ज्ञान हातात नव्हते. ते त्याच्या मनात होते. हात नवा होता, पण शिक्षक अनुभवी होता आणि तो शिक्षक तो स्वतःच होता.

१९३९ च्या वसंत ऋतूत हंगेरीच्या राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धेच्या ठिकाणी टाकाच आला, तेव्हा लोकांना आश्चर्य वाटले. त्याने डाव्या हातात पिस्तूल घेतले, तेव्हा ते आश्चर्य वाढले; आणि स्पर्धा संपली तेव्हा राष्ट्रीय विजेतेपद त्याच्याकडे होते. त्याच वर्षी स्वयंचलित पिस्तुलाच्या प्रकारात जगज्जेता ठरलेल्या हंगेरियन संघातही तो होता. हातबाँब फुटल्याला फार दिवस लोटले नव्हते.

आता ऑलिंपिकचे दार उघडणार, तोच दुसरे महायुद्ध पेटले. १९४० ची स्पर्धा झाली नाही, १९४४ ची झाली नाही. खेळाडूच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे युद्धाने गिळून टाकली. १९४८ साली लंडन येथे पुन्हा ऑलिंपिक भरले, तेव्हा टाकाच अडतीस वर्षांचा झाला होता. प्रथम हुद्द्याने, मग अपघाताने आणि शेवटी युद्धाने त्याची वाट अडविली होती. बारा वर्षांपूर्वी ज्या मैदानात उतरण्याची त्याची योग्यता होती, त्या मैदानात तो आता दुसऱ्याच हाताने उतरला.

त्याचा प्रकार होता जलद पिस्तुलाचा. त्यात पंचवीस मीटरांवर पाच निशाणे ओळीने उभी असतात. खूण मिळताच खाली असलेला हात वर उचलावयाचा आणि प्रत्येक निशाणावर एकेक अशा पाच गोळ्या मारावयाच्या. त्यासाठी प्रथम आठ सेकंद मिळतात, मग सहा आणि शेवटी केवळ चार. एकूण साठ गोळ्या आणि प्रत्येकीला अधिकात अधिक दहा, असे सहाशे गुण. चार सेकंदांत पाच निशाणे! तेवढ्या वेळात विचार करावयास अवसर नाही. पाय कोठे ठेवावे, बोट कसे ओढावे हे तेव्हा आठवून चालत नाही. ते अंगवळणीच पडलेले असावे लागते. उजव्या हाताच्या मनुष्याने डाव्या हाताला एवढे शिकविले होते का, याची यापेक्षा कठोर परीक्षा दुसरी नसेल.

या स्पर्धेत अर्जेंटिनाचा साएन्झ वालिएन्ते हा जगज्जेता सहभागी झाला होता आणि तोच जिंकणार असा बहुतेकांचा होरा होता. असे सांगतात, की स्पर्धेपूर्वी त्याने टाकाचला, तुम्ही लंडनला कशासाठी आलात, असे विचारले. टाकाचने उत्तर दिले, की आपण शिकावयास आलो आहोत. स्पर्धा झाली. टाकाचला ५८० गुण मिळाले. तोवरच्या विश्वविक्रमापेक्षा ते दहांनी अधिक होते. वालिएन्ते ५७१ गुणांसह दुसरा आला. पदके घेताना त्या दिलदार प्रतिस्पर्ध्याने टाकाचला सांगितले, की तुम्ही पुरेसे शिकला आहात!

टाकाचचे उत्तर विनयाचे म्हणून आपल्याला आवडते. परंतु त्यात नुसता विनय नव्हता, ते अक्षरशः खरे होते. डाव्या हाताने पिस्तूल धरल्या दिवसापासून तो शिकतच आला होता. जिंकण्यासाठी आलेल्याची नजर पदकावर असते आणि शिकण्यासाठी आलेल्याची आपल्या कामावर. पिस्तुलाच्या भाषेत सांगावयाचे, तर टाकाचची नजर माशीवर होती.

वालिएन्तेने पुरेसे म्हटले तरी टाकाचला ते पुरेसे वाटले नसावे. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा उतरला आणि ५७९ गुण मिळवून त्याने याच प्रकाराचे सुवर्णपदक दुसऱ्यांदा जिंकले. त्यापूर्वी या प्रकारात लागोपाठ दोन सुवर्णपदके कोणीही मिळविली नव्हती. तेथे दुसरा क्रमांक पटकाविणारा तरुण हंगेरीचाच होता. सिलार्ड कुन हे त्याचे नाव. त्याचे गुण होते ५७८, म्हणजे टाकाचपेक्षा केवळ एकाने कमी. या तरुणाला नेमबाजीचे धडे टाकाचनेच दिले होते. आपल्याशी बरोबरी करील असा शिष्य त्याने स्वतःच्या हाताने घडविला आणि मग त्याच्याशी मनःपूर्वक झुंज दिली. गुरूला यापेक्षा मोठे यश कोणते?

१९५६ साली मेलबर्न येथे टाकाच तिसऱ्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला. त्या वेळी तो आठवा आला. पुढे त्याने प्रशिक्षक म्हणून काम केले. १९७६ साली त्याचे निधन झाले.

प्रत्येकाच्या आयुष्यात हातबाँब फुटत नाही. परंतु ज्यावर आपला सारा भरवसा होता ती एखादी गोष्ट हातची जाण्याचा प्रसंग थोड्याफार प्रमाणात सर्वांवर येतो. कोणाची शाळा बदलते आणि भाषाही नवी होते. कोणाला आजारपणामुळे वर्षभर मागे राहावे लागते. कोणाचा आवडता खेळ कायमचा सुटतो. अशा वेळी पूर्वीची थोरवी आठवीत बसणे सोपे असते आणि पहिल्या इयत्तेच्या बाकावर पुन्हा जाऊन बसणे कठीण. टाकाच त्या बाकावर जाऊन बसला. नीट उभे राहणे, नीट धरणे, श्वास सांभाळणे, घाई न करणे, हीच साधी कामे त्याने रोज केली. ती करावयास त्याला हात एकच उरला होता, आणि त्याने तोही डावा मानला नाही.